रामहरीविना सुटलेली गाडी

निमगाव केतकीत कुशाबाई भोंग भित्री म्हणून ओळखली जाते, आणि तिला त्याची काडीचीही लाज नाही. गॅसची टाकी बदलायची म्हटलं की ती शेजारणीला हाक मारते आणि स्वतः अंगणात जाऊन उभी राहते. विहिरीच्या कडेला मूल दिसलं, मग ते कुणाचंही असो, ती लांबूनच ओरडत सुटते. पाहुणे निघाले की त्यांच्या मोटारसायकलच्या चाकांतली हवा अंगठ्यानं दाबून बघते. कुणी हसलंच तर म्हणते, "जिचा नवरा खुर्चीत बसून पगार मिळवतोय, तिला धीट असाय काय जातंय? माझा नवरा डायवर."

नवरा, म्हणजे रामहरी, बारामती डेपोत बत्तीस वर्षं एसटी चालवत होता. बत्तीस वर्षांत त्याच्या हातून कोंबडीसुद्धा चिरडली नाही. पण हे कळायला बत्तीस वर्षं संपावी लागतात, आणि तोवर रोजची संध्याकाळ काढावी लागते. ती संध्याकाळ कुशाबाईनं फाट्यावरच्या कट्ट्यावर बसून काढली. इंदापूरकडं जाणाऱ्या दुसऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना ती हात करून विचारायची, "आमचं कुठवर आलंय?" पुढं मोबाइल आले. मग ती त्यालाच फोन लावायची. "कुठवर आलाय?" आणि रामहरी दर वेळी एकच उत्तर द्यायचा, "आलोच." हे आलोच म्हणजे शेळगाव ओलांडलं असंही असायचं आणि बारामतीच्या डेपोत अजून चहाच पितोय असंही असायचं. तिला खरं कधी कळलं नाही. खोदून विचारलं तर तो खेकसायचा, "गाडी हाय ती, पाखरू हाय का? बस की गप."

ती गप बसायची. बसण्याचा तिला सरावच होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी इंदापूरच्या बाजारात दोघांची चुकामूक झाली होती. कुशाबाई दोन तास रडत बाजारभर फिरली, आणि ती जिथं जाईल तिथून रामहरी नुकताच गेलेला असे. सापडल्यावर त्यानं तिला नियमच घालून दिला: "परत चुकलो तर स्टँडवर यायचं आन बसून ऱ्हायचं. हलायचं न्हाय. मी येतो." तेव्हापासून जत्रेत, लग्नात, दवाखान्यात, जिथं कुठं चुकामूक झाली तिथं बसायचं काम तिचं आणि यायचं काम त्याचं. तो आला नाही असं एकदाही झालं नाही, हेही सांगायला पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी रामहरीला साखरेसाठी सुई सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ पोटाला टोचायची. इंदापूरच्या डॉक्टरांनी कुशाबाईला समोर बसवून बजावलं होतं की सुई टोचली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे. एक दिवस रामहरीनं सुई टोचली आणि भाकरी थापून होईतो मोटर बघून येतो म्हणून डाळिंबाच्या बागेत गेला. मोटर जळाली होती, तो खटपट करत बसला. तासाभरानं कुशाबाई बघायला गेली तर तो बांधाला पाठ टेकून बसलेला, अंग घामानं निथळतंय, आणि तिच्याकडं बघून म्हणतोय, "बाई, तिकीट घेतलं का?" तिनं घरी धावत जाऊन साखरेचा डबाच आणला आणि मुठीनं साखर त्याच्या तोंडात कोंबली. दहा मिनिटांनी त्यानं तिला नावानं हाक मारली. त्या दिवसापासून रामहरीच्या खिशात लिमलेटच्या दोन गोळ्या ठेवल्याशिवाय कुशाबाईनं त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही.

आणि अशा बाईला युरोपला जायचं होतं.

मुलगी राजेश्वरी जर्मनीत फ्रँकफुर्टला नोकरी करते. ती दोन वर्षं मागं लागली होती. रामहरी तर पहिल्या दिवसापासूनच तयार. "बत्तीस वरसं लोकांना त्यांच्या त्यांच्या गावाला सोडलं," तो म्हणायचा, "आता कुनीतरी मला सोडू दे. मी खिडकीला बसून नुसतं खानार हाय आन बघनार हाय." कुशाबाई पंधरा दिवस नाही म्हणाली. मग तिनं हिशेब घातला की हा माणूस एकटा गेला तर आपण पुन्हा कट्ट्यावर बसून कुठवर आलाय विचारत राहणार. इथं बसून भिण्यापेक्षा तिथं जाऊन भ्यायलेलं बरं, असं म्हणून तिनं पासपोर्टवर सही केली.

राजेश्वरीनं दहा दिवस रजा काढून दोघांना फिरवलं. पॅरिसच्या लोखंडी मनोऱ्यावर कुशाबाई डोळे मिटून चढली आणि डोळे मिटूनच उतरली. सरकत्या जिन्यावर तिनं पॅरिसपासून व्हिएन्नापर्यंत एकदाही रामहरीचा सदरा सोडला नाही. खरं सांगायचं तर तिनं सगळा युरोप पाहिला तो रामहरीच्या पाठीमागून. हरवेल म्हणून तिनं त्या पाठीवरची नजर काढली नाही. आणि ती पाठ सारखी कुठल्या तरी खाण्याच्या दुकानात शिरत होती. पॅरिसला कांद्याचं सूप, वर चीजची जाड साय. ब्रसेल्सला खिडक्या-खिडक्यांच्या नक्षीचा गोड वॉफल. रामहरी प्रत्येक ताटाशी हुज्जत घालायचा, "आज चार मैल चाललोय, मला अर्दा चालंल." कुशाबाई अर्ध्याचं पाव करायची आणि तो खाईपर्यंत त्याच्या कपाळावर घाम येतोय का बघत बसायची.

व्हिएन्नात मात्र ती एकदा स्वतःला विसरली. तिथं सफरचंदाची गुंडाळी खाल्ली. वरची पोळी इतकी पातळ होती की कुशाबाईनं ती उजेडाला धरून बघितली. "ही लाटलेली न्हाय, हातावर वढलेली हाय," ती म्हणाली, "कोन बाई असंल, तिचा हात बघाय पायजे." राजेश्वरीला इतका आनंद झाला की तिनं आईचा फोटो काढला. त्या एकाच फोटोत कुशाबाई कॅमेऱ्याकडं बघते आहे.

दुसऱ्याच दिवशी राजेश्वरीला ऑफिसचा फोन आला. काहीतरी बंद पडलं होतं आणि तिच्यावाचून चालू होत नव्हतं. तिला फ्रँकफुर्टला परतणं भाग होतं, पुढचं प्राग शहर राहिलं होतं आणि तिथलं भाडं भरून झालेलं. राजेश्वरी म्हणाली, "आई, काही अवघड नाही. सकाळी मी तुम्हाला गाडीत बसवते. मध्ये कुठं बदलायची नाही. चार तासांनी शेवटी उतरायचं. तिथं माझी मैत्रीण अंजली डब्याच्या दाराशी उभी असेल." तिनं वहीच्या कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: प्राग. बोर्डावर प्राहा असं असेल. त्याच्याआधी कुठंही उतरायचं नाही.

कुठंही उतरायचं नाही याच्याखाली दोन रेघा होत्या. पण तो कागद राजेश्वरीनं आईला दिला, आणि आईला त्याची गरजच नव्हती.

गाडी आठनंतर सुटली. डबा गारेगार, खुर्च्या मऊ, आवाज नाही. भाड्याच्या खोलीत स्वयंपाकघर होतं म्हणून कुशाबाईनं पहाटे उठून पोळ्या आणि बटाट्याची भाजी केली होती, शेंगदाण्याची चटणी गावाकडची होतीच. न्याहारी गाडीतच करायची ठरली होती. रामहरीनं जाकीट काढून खुंटीला अडकवलं, फोनचा आवाज बंद करून तो खिडकीखालच्या बोर्डाला चार्जिंगला लावला. दीड तासानं त्याला भूक लागली. त्यानं सदरा वर करून पोटाला सुई टोचली. कुशाबाई पिशवीतला डबा काढायला वाकली. तेवढ्यात गाडीचा वेग उतरला आणि एक मोठं स्टेशन आलं. पाटीवर काय लिहिलंय ते तिला वाचता आलं नाही, पण कर्ण्यातून आवाज आला, ब्रनो.

"पानी संपलंय," रामहरी म्हणाला. "तू डबा सोड, मी बाटली भरून आलोच."

ती "अवो" म्हणेपर्यंत तो दाराशी पोचला होता.

आता यात रामहरीला दोष देण्याआधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. बत्तीस वर्षं प्रत्येक स्टँडवर हा माणूस खाली उतरला. टायरांना लाथ घालायची, बाटली भरायची, कंट्रोलरशी दोन शब्द बोलायचे आणि मग सावकाश केबिनमध्ये चढायचं. आत पन्नास माणसं घामाघूम होऊन बसलेली असायची, पण गाडी त्याच्याशिवाय सुटणार कशी? निवृत्त झाल्यावर तो प्रवासी म्हणून बसू लागला तरी तेच. ड्रायव्हर ओळखीचे, ते थांबायचे. गाडी आपल्याला सोडून जात नसते, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. जगातला दुसरा कुणीही माणूस परक्या मुलुखात कागदावर दोन रेघा मारलेल्या असताना बाटली घेऊन खाली उतरला नसता. रामहरी उतरला.

कुशाबाईनं खिडकीतून पाहिलं. तो फलाटावर जिन्याच्या तोंडाशी असलेल्या एका नळापाशी वाकला होता. बाटली भरली, झाकण लावलं, शेजारच्या निळ्या गणवेशातल्या माणसाला त्यानं हसून मानही डोलावली. मग दारं आपोआप मिटली. गाडी हलली तेव्हा धक्कासुद्धा बसला नाही, आणि क्षणभर तिला वाटलं की फलाटच मागं सरकतोय. रामहरीनं वळून बघितलं. तो गाडीबरोबर दहा-बारा पावलं चालला आणि मग त्यानं हात वर केला. रस्त्याच्या कडेला उभे राहून लोक त्याच्या एसटीला करायचे तसा. गाडी थांबली नाही.

कुशाबाई उभी राहिली. तिच्या तोंडून आवाज फुटला तो शब्द नव्हता. पुढच्या खुर्चीवरच्या दोन माणसांनी वळून बघितलं. ती दाराशी धावली, दाराला दोन्ही हातांनी धक्का दिला, काचेवर थापा मारल्या. बाहेर शेतं आली होती. ती परत जागेवर आली आणि तिनं एकेक वस्तू बघितली. दोन्ही पासपोर्ट तिच्या कमरेच्या बटव्यात. त्याचा फोन चार्जिंगला. त्याचं जाकीट खुंटीला. तिनं जाकिटाच्या खिशात हात घातला आणि तिच्या बोटांना लिमलेटच्या दोन गोळ्या लागल्या.

सुई पोटात, अन्न डब्यात आणि गोळ्या तिच्या मुठीत. तिला फलाट दिसेना, डाळिंबाचा बांध दिसायला लागला. तिथं घर दोनशे पावलांवर होतं. तिथं साखरेचा डबा होता. इथं कुणी अनोळखी माणूस घामानं निथळून असंबद्ध बोलायला लागला तर लोक काय समजतील? दारू प्यायलाय म्हणतील आणि बाजूनं निघून जातील.

तिनं फोन उचलला. तो रामहरीच्या अंगठ्याशिवाय उघडत नव्हता. तिच्या स्वतःच्या फोनला तिथलं कार्ड नव्हतं. तिनं तरी राजेश्वरीचं नाव दाबलं, पुन्हा दाबलं, दहा वेळा दाबलं. फोन मुका.

तिकीट तपासणारी बाई आली तेव्हा कुशाबाईनं तिचा हातच धरला. उंच, सोनेरी केसांची, कुशाबाईच्या मुलीच्या वयाची बाई. कुशाबाई मराठीत बोलली, सगळं बोलली, डॉक्टरांनी काय सांगितलंय तेही बोलली. त्या बाईच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग कुशाबाईनं स्वतःच्या गालावर एक चापट मारून घेतली आणि डोकं चालवलं. रामहरीच्या बंद फोनवर फोटो येतो, निवृत्तीच्या दिवशीचा, गाडीसमोर हार घालून. तो तिनं दाखवला. रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला. खिडकीतून मागं बोट दाखवलं. "ब्रनो," ती म्हणाली. मग पिशवीतून सुईचं पेन काढून स्वतःच्या पोटाला टेकवलं, डबा उघडून पोळी दाखवली, आणि मान जोरजोरानं हलवली. न्हाय, न्हाय.

"डायबेटिस?" ती बाई म्हणाली.

हा एक शब्द तरी सगळीकडं एकच निघाला. "डायबिटीस! डायबिटीस!" कुशाबाई ओरडली आणि रडायला लागली.

बाईनं लगेच फोन लावला. खूप वेळ बोलली, मधूनमधून रामहरीच्या फोटोकडं बघत बोलली, बहुतेक टोपी, मिशा, सदरा सांगत असावी. मग तिनं फोन ठेवला आणि कुशाबाईसमोर दोन्ही हात खाली दाबल्यासारखे केले. बसा. आपल्या गाडीच्या मागं दुसरी गाडी येईल असं काहीतरी हातांनी दाखवलं, रामहरीच्या फोटोवर बोट ठेवलं, ते बोट पुढं सरकवलं आणि म्हणाली, "प्राहा. प्राहा." म्हणजे तुम्ही प्राहाला जाऊन बसा. त्याला मागच्या गाडीनं पाठवतील.

कुशाबाई बसली.

बसण्याचंच तर काम तिचं होतं. मऊ खुर्ची होती, कागदावर दोन रेघांचा हुकूम होता, पलीकडं अंजली उभी होती. चाळीस वर्षांत तिला कुणी यापेक्षा वेगळं सांगितलं नव्हतं. पण तिला रामहरी ठाऊक होता. तो हलणार नव्हता. चुकलो तर स्टँड सोडायचं नाही हा नियम त्यानंच केला होता, आणि आज चुकलेला तो होता. लोक त्याला दुसऱ्या गाडीत बसवायला येतील, तो बसणार नाही. भाषा कळत नाही, गाडी कुठली ते माहीत नाही, आणि मी निघून गेलो आणि कुशी परत आली तर? हेच त्याच्या डोक्यात येणार. तो त्या नळाजवळच्या बाकावर बसून राहणार, चक्कर येईपर्यंत बसून राहणार. आणि नियमातलं दुसरं वाक्य होतं, मी येतो. त्यातला मी आज कोण, हे तिला लख्ख कळलं, आणि तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

पुढचं स्टेशन तासाभरानं आलं. त्याचं नाव तिला आजही नीट म्हणता येत नाही. तिनं दोन पिशव्या एका खांद्याला लावल्या, तिसरी हातात घेतली, जाकीट काखेत मारलं आणि उतरली. सोनेरी केसांची बाई डब्याच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडत आली. कुशाबाईनं तिला हात जोडले. दारं मिटली आणि गाडी गेली. फलाटावर वारा होता, माणूस नव्हता. लुगड्यावर मुलीचा ढगळ स्वेटर आणि पायात पांढरे बूट घातलेली साठ वर्षांची बाई तीन पिशव्या घेऊन तिथं एकटी उभी राहिली.

सुई टोचून एक तास वीस मिनिटं झाली होती.

परत जाणारी गाडी कुठली? तीन-चार गाड्या उभ्या होत्या, सगळ्यांवर अक्षरं. मग तिला रामहरीचंच एक बोलणं आठवलं. गाडी कुठं जाणार ते पब्लिकला इचारायचं न्हाय, पब्लिक काय बी सांगतं. डायवरला इचारायचं. ती पहिल्या गाडीच्या इंजिनापर्यंत चालत गेली आणि काचेखाली उभी राहून वर बघत म्हणाली, "ब्रनो?" वरून एक दाढीवाला वाकला. त्यानं मान हलवली, तिच्या पिशव्यांकडं बघितलं, तिच्या तोंडाकडं बघितलं, आणि चक्क खाली उतरून आला. त्यानं पलीकडच्या फलाटावरच्या निळ्या गाडीकडं बोट केलं आणि तिची जड पिशवी उचलून तिला दारापर्यंत सोडलं. ड्रायव्हर तो ड्रायव्हर. कुशाबाईला त्याला काहीतरी खायला द्यावंसं वाटलं, पण डब्यातलं एक चतकोरही आज दुसऱ्याचं नव्हतं.

ती गाडी मेली प्रत्येक झाडापाशी थांबत होती. कुशाबाई खुर्चीच्या कडेवर बसली. एका मुठीत लिमलेटच्या गोळ्या, दुसऱ्या हातात डबा. प्रत्येक थांब्याला ती उभी राहायची आणि दाराशी जाऊन "ब्रनो?" विचारायची, आणि लोक मान हलवायचे. ती गोळ्या इतक्या घट्ट धरून बसली होती की कागद फाटून साखर तळहाताला चिकटली. सासऱ्यांचं मरण, राजेश्वरीच्या वेळचं स्वतःचं अडलेलं बाळंतपण, सगळं तिनं पाहिलं होतं, पण तेव्हा शेजारी रामहरी होता. तिच्या मनात एक वाक्य सारखं येत होतं आणि ती ते मागं ढकलत होती. शेवटी ते आलंच. मी एकटी परत गेले तर फाट्यावर उतरून काय करू?

ब्रनोला ती उतरली ती भलत्याच फलाटावर. जमिनीखालच्या बोळातून धावली, एका जिन्यानं वर आली, तो नळ नव्हता, पुन्हा खाली, पुन्हा वर. आणि तिथं नळ होता, नळाशेजारी बाक होता आणि बाकावर रामहरी होता.

सदरा भिजून अंगाला चिकटला होता. चेहरा राखेसारखा. शेजारी निळ्या गणवेशातली एक जाडजूड बाई बसली होती, एका हातानं तिनं त्याचा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हातात कागदी पेला होता. पायाशी आणखी दोन रिकामे पेले पडले होते. फोन पोचला होता. त्यांनी त्याला वेळेवर साखरेचा चहा पाजला होता. नंतर कळलं की दोनदा त्याला उठवून प्राहाच्या गाडीत बसवायचा प्रयत्न केला, आणि हा गडी बाकाची कड धरून बसला, काही केल्या सुटेना. त्याच्या मांडीवर पाण्याची बाटली होती. काठोकाठ भरलेली, झाकण लावलेली.

कुशाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं वर बघितलं. ती वाट बघत होती. आता हा तिकीट विचारतो की काय.

"कुशे," तो म्हणाला. "गाडी सुटली गं माज्याबिगर."

मग मात्र कुशाबाईनं तोंड सोडलं. गणवेशातल्या बाईसमोर, सगळ्या ब्रनो स्टेशनसमोर तिनं त्याला असं झाडलं की निमगावच्या बाजारात असती तर गर्दी जमली असती. "बाटली मोठी व्हती का मी? अं? नळ काय पळून चालला व्हता? मेला असता हितं, कुनी वळकलं नसतं!" हे बोलता बोलता ती पोळीचे तुकडे करून भाजी भरून त्याच्या तोंडात घालत होती, आणि रडत होती, आणि तो लहान मुलासारखा आ करत होता. गणवेशातल्या बाईनं डोळे पुसले. तिला काय कळलं देव जाणे.

दोन पोळ्या पोटात गेल्यावर त्याच्या अंगाचा थरकाप थांबला. त्यानं बाटली तिच्या हातात दिली. "तुज्यासाटी भरलं व्हतं," म्हणाला. मग त्यानं रुळांकडं बोट केलं.

"एकेक गाडी यायची," तो म्हणाला. "मला वाटायचं हीच. मान्सं उतरायची, तू न्हाय. मग दुसरी यायची. छातीत नुसतं धडधड. तीन तास झालं नसतील, कुशे." त्यानं तोंड तिच्याकडं वळवलं. "तू बत्तीस वरसं अशीच बसायचीस व्हय?"

कुशाबाईनं पिशवीच्या तळाशी गेलेला त्याचा फोन काढला. तिनं त्याचा अंगठा धरून फोनवर दाबला. राजेश्वरीचे एकोणीस फोन येऊन गेले होते.

प्राग त्यांनी पाहिलं. पूल पाहिला, मोठं घड्याळ पाहिलं, अंजलीनं आग्रह करून डुकराचं नको तर बदकाचं खायला घातलं. कुशाबाई सगळीकडं भीतच होती. ती काही धीट वगैरे झाली नाही, असं कुणी समजू नये. गावी आल्यावर गॅसची टाकी बदलायला तिनं शेजारणीलाच हाक मारली.

फरक पडला तो दुसरीकडं. कुशाबाई दर गुरुवारी सकाळी बारामतीला बहिणीकडं जाते आणि चारच्या एसटीनं परत येते. हे वर्षानुवर्षं चालू आहे आणि रामहरीनं कधी घड्याळ बघितलं नव्हतं. आता साडेचार वाजले की तो फाट्यावर जातो. त्याच कट्ट्यावर बसतो. इंदापूरकडं जाणारी एखादी गाडी आली की उठून उभा राहतो, तिच्यातून ती उतरली नाही की पुन्हा बसतो. जुने ड्रायव्हर त्याला केबिनमधून हाका मारतात, चहाला चल म्हणतात, तो नाही म्हणतो. आणि पाच मिनिटांनी कुशाबाईच्या पिशवीत फोन वाजतो.

"कुठवर आलीस?"

तिला एकदा वाटलं होतं म्हणावं, आलेच. बत्तीस वर्षांचं उट्टं एका शब्दात निघालं असतं. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण तिला त्या बाकावरचा भिजलेला सदरा आठवला. ती खिडकीतून बाहेर वाकली आणि पाटी नीट वाचून घेतली.

"लासुर्णं गेलं," ती म्हणाली. "अंथुर्णं यायचंय अजून. गाडीला गर्दी हाय, अर्दा तास तरी लागंल. तुमी काय खाल्लं का?"